रिश्टरचा आकडा आणि माळवदाचे घर

जमीन हादरली की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती रिश्टर?' हा. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली परिसरात ४.५ चे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत ते जाणवले, तेव्हाही हेच घडले. कोणत्या गावच्या भिंतींना तडे गेले, कोणत्या शाळेचे छत धोक्याचे झाले, याची विचारपूस मागाहून झाली. आकडा मात्र घटकाभरात सर्वतोमुखी झाला. त्या आकड्यावरून भीती किती बाळगायची आणि निश्चिंत केव्हा व्हायचे हे लोक ठरवतात. शासनाच्या पत्रकाचा आरंभही त्यानेच होतो. एका आकड्यावर समाजाने इतका भरवसा ठेवावा आणि तो आकडा कशाचा आहे हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसावे, ही परिस्थिती विचार करण्याजोगी आहे.

'रिश्टर स्केलवर भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी नोंदली गेली' हे वाक्य मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहे. या एका वाक्यात तीन गैरसमज दडलेले आहेत. रिश्टर स्केल हे काही वेधशाळेत ठेवलेले यंत्र नव्हे. ती गणिताची एक रीत आहे. दुसरे असे की, मोठ्या भूकंपांचे जे आकडे आज जाहीर होतात, ते बहुधा रिश्टर यांच्या मूळ रीतीने काढलेले नसतात. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, तो आकडा तीव्रतेचा नसतोच. भूकंपशास्त्रात तीव्रता नावाची एक स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती वेगळ्या रीतीने मोजली जाते. पहिल्या आकड्यास येथे 'परिमाण' म्हणू आणि 'तीव्रता' हा शब्द दुसऱ्या मापासाठी राखून ठेवू. हा वाद केवळ शब्दांचा नाही. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे भूकंपाविषयीची सार्वजनिक चर्चाच भलत्या वाटेने जाते.

कालव्याचे मुख आणि शेवटचा बांध

परिमाण आणि तीव्रता यांतील फरक महाराष्ट्रातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. धरणातून कालव्यात किती क्युसेक पाणी सोडले, हा एक आकडा असतो आणि तो सर्वांसाठी सारखाच असतो. परंतु कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याच्या बांधावर किती पाणी पोहोचले, हा प्रश्न वेगळा आहे. वाटेत किती गळती झाली, चारी कशी राखली होती, जमीन कोणती होती, यांवर त्याचे उत्तर अवलंबून राहते आणि ते बांधागणिक बदलते. भूकंपाचे परिमाण म्हणजे कालव्याच्या मुखाशी सोडलेले पाणी होय. भूगर्भातील खडक एकमेकांवरून सरकले तेव्हा एकंदर किती शक्ती मोकळी झाली, याचे ते माप आहे. तीव्रता म्हणजे त्या शक्तीने एखाद्या विशिष्ट गावी जमिनीवर, घरांवर आणि माणसांवर काय परिणाम केला, याचे माप होय. एका भूकंपाला परिमाण एकच असते. तीव्रता मात्र गावोगावची निराळी असते.

इतिहासक्रमाने पाहता तीव्रतेचे माप आधी जन्मास आले, आणि ते स्वाभाविकच होते. यंत्रे नव्हती तेव्हा पडलेली घरे, कललेले मनोरे, फेकले गेलेले दगड आणि लोकांच्या जबान्या एवढेच साहित्य शास्त्रज्ञापाशी होते. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या प्रचंड भूकंपाची पाहणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केली ती अशाच साहित्यावरून, आणि त्यांचा तो अहवाल आजही या शास्त्रातील एक आधारभूत ग्रंथ मानला जातो. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास अलीपूर येथे आपल्या देशातील पहिली भूकंप-वेधशाळा सुरू झाली आणि त्यानंतर लवकरच मुंबईस कुलाब्यातही यंत्र बसले. इटलीच्या जुझेप्पे मेर्काल्ली यांनी १९०२ मध्ये तीव्रतेच्या श्रेणींची जी मांडणी केली, तिची सुधारलेली बारा श्रेणींची रूपे पुढे जगभर रूढ झाली. भारतात १९६४ मध्ये तयार झालेली मेद्वेदेव, श्पॉनहॉयर आणि कार्निक या तिघांची श्रेणी वापरात आली. तीतही बारा पायऱ्याच आहेत. खालच्या पायऱ्यांवर केवळ यंत्रालाच कंप कळतो. मधल्या पायऱ्यांवर झोपलेली माणसे जागी होतात, गिलाव्याला चिरा पडतात. वरच्या पायऱ्यांवर घरे कोसळतात आणि अगदी शेवटच्या पायरीवर भूप्रदेशाचे रूपच पालटून जाते.

लॉगॅरिथमची करामत

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये आपली रीत मांडली ती कॅलिफोर्नियातील भूकंपांपुरती. तेथे लहानमोठे शेकडो धक्के नोंदले जात होते आणि त्यांचा लहानमोठेपणा लोकांच्या सांगण्यावर विसंबून न राहता ठरवता यावा, एवढाच त्यांचा माफक हेतू होता. त्याआधी जपानच्या कियू वादाती यांनी या दिशेने पाऊल टाकलेले होते, आणि बेनो गुटेनबर्ग यांचा तर या कामात इतका वाटा होता की, केवळ रिश्टर यांचेच नाव त्यास चिकटले हा त्यांच्यावर एक प्रकारे अन्यायच झाला. रीत मुळात साधी आहे. भूकंपाच्या वेगवान लहरी आधी पोहोचतात आणि मंद लहरी मागाहून. या दोहोंमधील वेळेवरून केंद्राचे अंतर कळते. मग यंत्राने कागदावर काढलेल्या रेषेचा सर्वांत मोठा झोका किती आहे हे पाहायचे आणि अंतराचा हिशेब धरून आकडा काढायचा. ठराविक जातीच्या यंत्रावर, केंद्रापासून १०० किलोमीटर अंतरावर, १ मिलिमीटरचा झोका ज्या भूकंपाने उमटेल, त्याचे परिमाण ३ मानावे असे ठरले.

अडचण अशी होती की, अगदी सूक्ष्म धक्का आणि सर्वनाशी धक्का यांच्या झोक्यांत कोट्यवधी पटींचे अंतर असते. म्हणून रिश्टर यांनी लॉगॅरिथमचा आश्रय घेतला. परिमाण एकाने वाढले की झोका दहापट होतो आणि मोकळी झालेली शक्ती सुमारे ३२ पट होते. दोनाने वाढले तर शक्ती १,००० पट होते. हे ध्यानी न घेतल्यामुळे सुशिक्षित माणसेही फसतात. ४.५ हा आकडा ६.२ च्या जवळजवळ पाऊणपट दिसतो. म्हणून हिंगोलीचा धक्का किल्लारीच्या पाऊणपट होता असा समज सहज होतो. प्रत्यक्षात किल्लारीची शक्ती त्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याने सावकाराच्या वहीत अनुभवले आहे, त्याला दिसायला लहान आकड्यांमागे केवढी मोठी रक्कम दडलेली असते हे वेगळे सांगावयास नको. तसेच, हे माप 'दहापैकी' दिलेले गुण नव्हेत. त्याला गणिताच्या दृष्टीने वरची मर्यादा नाही. मर्यादा असेल तर ती पृथ्वीच्या कवचातील भेगांच्या लांबीची.

या रीतीची दुसरी उणीव कालांतराने ध्यानात आली. फार मोठ्या भूकंपांपुढे ती थिटी पडते. भूकंप कितीही मोठा असो, ज्या लहरी ती मोजते, त्यांचा झोका एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि १९६० चा चिलीचा भूकंप हे दोन्ही जुन्या हिशेबाने ८.३ च्या आसपासचे, म्हणजे जवळजवळ सारखेच ठरत होते. वस्तुतः चिलीत मोकळी झालेली शक्ती कितीतरी अधिक होती. म्हणून हिरू कानामोरी आणि थॉमस हँक्स यांनी १९७९ मध्ये नवी रीत मांडली. खडकातील भेग किती क्षेत्रावर फाटली, तिच्या दोन बाजू एकमेकींवरून किती सरकल्या आणि तो खडक किती ताठर होता, या तिन्हींचा गुणाकार करून परिमाण काढावयाचे, अशी ही रीत आहे. या हिशेबाने सॅन फ्रान्सिस्कोचा आकडा ७.९ वर उतरला आणि चिलीचा ९.५ वर चढला. जे दोन भूकंप जुळे भाऊ वाटत होते, त्यांच्या शक्तीत सुमारे अडीचशे पटींचे अंतर निघाले. आज जगभर मोठ्या भूकंपांचे जे आकडे दिले जातात ते या नव्या रीतीचे. लोकव्यवहारात मात्र नाव रिश्टर यांचेच चालू राहिले आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा या बहुविध रीतींमुळे केवढा गोंधळ उडतो हे देशाने पाहिले. भारतीय हवामान खात्याने आरंभी ६.९ हा आकडा दिला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचा आकडा त्याहून बराच मोठा होता आणि अखेर ७.७ हे परिमाण सर्वमान्य झाले. शासन मुद्दाम आकडा कमी सांगत आहे, अशी शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. खरे पाहता रीत वेगळी असली की आकडा वेगळा येतो, आणि स्थानिक लहरींवर आधारलेली जुनी रीत मोठ्या भूकंपाला कमीच लेखते. परंतु आकड्यासोबत रीतीचे नाव सांगण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे विज्ञानाच्या एका साध्या मर्यादेवर लबाडीचा आरोप आला. महागाईचा निर्देशांक घाऊक किमतींचा की ग्राहक किमतींचा, हे सांगितल्याशिवाय कोणी अर्थशास्त्राचा विद्यार्थी तो स्वीकारणार नाही. भूकंपाच्या आकड्याबाबतही तोच दंडक हवा.

सारखा आकडा, वेगळे मरण

परिमाण अचूक कळले तरी त्यावरून माणसे किती मरतील हे कळत नाही. येथे या विषयाचा खरा सामाजिक आशय सुरू होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन आटोपून थकलेली गावे गाढ झोपेत होती. परिमाण ६.२. निरनिराळ्या गणनांप्रमाणे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. याच्या चारच वर्षे आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस ६.९ परिमाणाचा भूकंप झाला होता. त्याची शक्ती किल्लारीच्या दहापटींहून अधिक होती आणि त्याच्या टापूत मोठमोठी शहरे होती. मृतांची संख्या ६३.

२०१० या एकाच वर्षात जगाने हाच धडा पुन्हा पाहिला. जानेवारीत हैतीमध्ये ७.० परिमाणाचा भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे दगावली. फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ परिमाणाचा भूकंप झाला. त्याची शक्ती हैतीच्या सुमारे पाचशे पट होती. तेथे सव्वापाचशेच्या आसपास माणसे मेली. हैतीचे केंद्र राजधानीलगत होते आणि चिलीचे किनाऱ्यालगत समुद्राकडे होते, हा भेद मान्य केला तरी एवढी तफावत केवळ अंतराने समजावून देता येत नाही. एकामागून एक भूकंप सोसलेल्या चिलीने बांधकामाचे कडक नियम केले आणि ते पाळले. हैतीत नियमही नव्हते आणि ते पाळण्याइतकी ऐपतही नव्हती.

तीव्रता कोणकोणत्या गोष्टींवर ठरते? केंद्र किती खोल आहे, गाव त्यापासून किती दूर आहे, जमीन कातळाची आहे की गाळाची, घर कशाचे आहे आणि वेळ कोणती आहे, या सर्वांवर. १९८५ मध्ये मेक्सिको शहरापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर भूकंप झाला आणि तरीही ते शहर उद्ध्वस्त झाले. कारण ते एका प्राचीन तलावाच्या मऊ गाळावर वसलेले आहे. कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. पण त्यांच्या शेजारच्या तशाच उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन इमारतींना बसलेल्या हादऱ्यात फारसे अंतर असणार नाही. अंतर होते ते खांबांत, लोखंडात आणि बांधणाऱ्याच्या सचोटीत.

माळवदाचे अर्थशास्त्र

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांत माणसे भूकंपाने मेली असे म्हणणे अर्धसत्य आहे. ती आपल्याच घरांखाली चिरडली गेली. दगड आणि चिखल यांची दोन-दोन फूट रुंद भिंत, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचे जाड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नव्हते. जमीन आडवी हलताच दोन्ही थर फाकले आणि डोक्यावरची कित्येक टनांची माती खाली आली.

अशी घरे लोकांनी अज्ञानामुळे बांधली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते खरे नव्हे. दगड शेतातून फुकट मिळत होता, माती गावचीच होती, मजुरी बव्हंशी घरची होती. सिमेंट आणि लोखंड मात्र रोख पैसे मोजून आणावे लागले असते. जाड भिंतीने उन्हाळ्यात गारवा मिळे आणि चोराचिलटांपासून संरक्षणही. पाऊस गळू लागला की माळवदावर मातीचा आणखी एक थर चढे. वर्षानुवर्षे चढलेल्या या थरांचे वजन कोणी मोजले नाही, कारण ते मोजण्याचे कारणच पडले नव्हते. ज्या कुटुंबाचे पीक दरवर्षी पावसावर हेलकावे खाते, त्याने शंभर-दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी आजचा पैसा अडकवावा, अशी अपेक्षा कोणते अर्थशास्त्र करील? त्या कुटुंबाच्या दृष्टीने त्याचा निर्णय तर्कशुद्धच होता. जेथे प्रत्येकाचा तर्कशुद्ध निर्णय मिळून सर्वांचा नाश ओढवतो, तेथे समाजाने आणि शासनाने हस्तक्षेप करावयाचा असतो.

तो हस्तक्षेप का झाला नाही? कारण धोक्याचा नकाशाच चुकीचा धीर देत होता. देशाचे भूकंपप्रवण विभाग दाखवणाऱ्या अधिकृत नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीत धक्क्यांची मालिका झाली, लोक भयभीत झाले. काही काळाने धक्के थांबले आणि भयही ओसरले. नकाशा तसाच राहिला. त्यापूर्वी कोयनेतही हेच घडले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि सुमारे १८० माणसे बळी घेतली, परिमाण ६.३ ते ६.५ च्या दरम्यानचे. दख्खनचे पठार अचल आहे या समजुतीवर आखलेल्या नकाशात तो प्रदेशही जवळजवळ निर्धोकच होता. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप उद्भवू शकतात, हा विचार कोयनेमुळे जगाच्या चर्चेत आला. धरणात बसवलेल्या यंत्राने जमिनीच्या धक्क्याचे जे त्वरण नोंदवले, ते जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासले. कोयनेनंतर नकाशा बदलला. किल्लारीनंतर पुन्हा बदलला. याचा अर्थ उघड आहे. आपला नकाशा पुष्कळ काळ पुढील धोक्याची सूचना देण्याऐवजी मागील आपत्तीची नोंद ठेवीत आला.

आकडा कोणाच्या सोयीचा?

परिमाणाचा आकडा लोकप्रिय होण्यामागे केवळ शास्त्रीय कारणे नाहीत. तो एकच असतो, लवकर मिळतो आणि मथळ्यात मावतो. शिवाय तो सर्व जबाबदारी निसर्गावर टाकतो. '६.२ चा भूकंप झाला' असे म्हटले की पुढे कोणाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. याउलट तीव्रतेचा नकाशा गावागणिक प्रश्न विचारू लागतो. या गावी आठवी श्रेणी आणि चार कोसांवरच्या त्या गावी सातवी का? ही शाळा पडली आणि ते देऊळ का उभे राहिले? इमारतीचा परवाना कोणी दिला, सिमेंटमध्ये वाळू किती होती? परिमाण निसर्गाचे बळ सांगते. तीव्रता माणसाचे दुबळेपण उघड करते. अडचणीचे प्रश्न टाळावयाचे असतील त्याने पहिल्या आकड्याशीच थांबावे.

याचा अर्थ परिमाण निरुपयोगी आहे असा नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेल्या भूकंपाचा पहिला अंदाज ८.० च्या आसपास होता. प्रत्यक्षात परिमाण ९.१ निघाले. शक्तीच्या हिशेबात ही तफावत चाळीसपटींहून अधिक होते. पहिल्या काही तासांत खरा आकडा हाती असता आणि हिंदी महासागरात सूचना पोहोचवणारी यंत्रणा असती, तर तमिळनाडूपासून श्रीलंकेपर्यंतच्या किनाऱ्यांवर अनेक जीव वाचले असते. समुद्रातील भूकंपाबाबत परिमाणच जीवन-मरणाचा निर्णय करते. धरणे, पूल, अणुवीज केंद्रे यांची रचनाही त्यावाचून होणार नाही. वांधा त्या आकड्याशी नाही. त्यापुढे न पाहण्याच्या सवयीशी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा हवाच; पण त्यावरून प्रत्येक घरची चूल पेटते असे जो गृहीत धरतो, तो राज्यकारभार नीट करू शकत नाही.

भूकंपाचे भाकीत करावे, अशीही मागणी वारंवार होते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल हे सांगण्याची विद्या आज जगात कोणापाशी नाही. कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विवर पाडून खडकांतील ताणाचा जो अभ्यास चालतो, तो मोलाचा आहे. परंतु त्यातून उद्या पंचांग मिळेल अशी आशा करणे व्यर्थ होय. कोठे भूकंप होऊ शकतो आणि झाल्यास कोणती घरे पडतील, एवढे मात्र आजही पुष्कळ अंशी सांगता येते. तेवढे ज्ञान वापरले तरी माणसे वाचतील.

घरे मोजावयास हवीत

ते ज्ञान सरकारी कपाटात आहेच. जनगणनेच्या वेळी प्रत्येक घराच्या भिंती कशाच्या आणि छत कशाचे, याची नोंद होते. तिच्या आधारे केंद्र शासनाच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान परिषदेने १९९७ मध्ये देशाचा आपत्ती-भेद्यता नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे २००६ व २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. कोणत्या जिल्ह्यात दगड-मातीची घरे किती आणि तेथे कोणत्या तीव्रतेचा भूकंप संभवतो, हे त्यात मांडलेले आहे. दगडी आणि कमकुवत बांधकामे भूकंपात तग धरतील यासाठी काय करावे, याची भारतीय मानक संहिताही १९९३ मध्येच निघाली. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टी, कोपऱ्यांना बळकटी, छतावरील माती कमी करणे, अशा तिच्यातील सूचना आहेत. यांतील एकही गोष्ट खेड्यातील गवंड्याला न जमणारी नाही आणि नवे घर बांधताना त्यांनी होणारी खर्चातील भर पडलेले गाव पुन्हा वसवण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

त्या खर्चाचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेण्यात आला; ५२ गावे जुन्या जागा सोडून नव्या ठिकाणी वसवली गेली आणि इतर असंख्य गावांत दुरुस्ती व बळकटीकरण झाले. ते काम लहान नव्हते. परंतु ते मृत्यूनंतरचे काम होते. भूकंपाच्या आधी गावच्या घरांना पट्टी बसवण्यासाठी अनुदान मागितले असते, तर कोणत्या अंदाजपत्रकात त्याला शीर्षक मिळाले असते? आपल्या वित्तव्यवस्थेत मदतीला जागा आहे, प्रतिबंधाला फारशी नाही. कारण मदत दिसते आणि न पडलेले घर कोणाला दिसत नाही.

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. घरकुलाचे अनुदान देताना ही साधी बांधकाम-कलमे सक्तीची करावीत आणि त्यांचा जादा खर्च शासनाने उचलावा. तालुक्यातालुक्यांत गवंड्यांना शिक्षण द्यावे. शाळा, ग्रामीण रुग्णालये आणि तहसील कचेऱ्या यांची तपासणी सर्वांत आधी व्हावी. कारण दिवसा भूकंप झाला तर मुले शाळेत असतील आणि रात्री झाला तर जखमी रुग्णालयात न्यावे लागतील. शहरांत नगरपालिकेने परवाना देतानाचा कागदी दाखला पुरेसा न मानता बांधकाम चालू असताना लोखंड पाहावे. आणि धक्का बसल्यावर जाहीर होणाऱ्या पत्रकात परिमाणासोबत ते कोणत्या रीतीने काढले, हे सांगावे. मागाहून गावोगावच्या तीव्रतेचा नकाशाही प्रसिद्ध करावा. वृत्तपत्रांनी तो छापावा. शाळेतील शिक्षकांना भूगोलाच्या तासाला यापेक्षा चांगला पाठ मिळणार नाही.

रिश्टर यांनी भूकंपाला माप दिले, ही विज्ञानाची मोठी कामगिरी होती. त्या मापाने पृथ्वीच्या पोटातील हालचाल समजू लागली. भिंती कोणी, कशाने आणि कोणत्या गरजेपोटी बांधल्या, याचे माप मात्र कोणत्याही वेधशाळेतील यंत्र देणार नाही. ते गावात जाऊन, घरोघर फिरून घ्यावे लागते. पुढच्या वेळी जमीन हलेल तेव्हा 'किती रिश्टर?' या प्रश्नापाठोपाठ 'घरे कशाची होती?' हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो जमीन हलण्यापूर्वी विचारला गेला, तर कदाचित पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकावयास पुष्कळ माणसे जिवंत राहतील.